शेवंताचे पाढे

आमचा धंदा घशाचा. मी घरात साधे बोलले तरी नातवंडे म्हणतात, "आजी, ओरडू नकोस ना." आता त्यांना काय सांगायचे? एका खोलीत दोन वर्ग, मध्ये भिंत नाही, वर टिनपत्रे आणि समोर खोलीभर पोरी, अशा ठिकाणी उभी नोकरी गेली की आवाज खाली उतरायचे विसरतो. दिवाळी अंकासाठी नोकरीतले काही लिहा असा निरोप आला, तेव्हा आधी वाटले की बदल्या, बढत्या, निरोपसमारंभ असे काहीतरी लिहावे. पण ते वाचणार कोण? मीसुद्धा वाचले नसते. त्यापेक्षा माझ्या या घशाचा जिच्यापुढे काडीचा उपयोग झाला नाही, त्या पोरीबद्दल लिहिते.

शिक्षकांच्या ट्रेनिंगला तेव्हा नॉर्मल म्हणत. म्हणजे त्याआधी आम्ही कोण होतो कोण जाणे. नॉर्मल पास झाले आणि जनपद सभेने मला यवतमाळ जिल्ह्यात, बोरी अरबच्या मुलींच्या शाळेत टाकले. पुढे जिल्हा परिषदा आल्या, त्याआधी गावोगावच्या शाळा या जनपद सभेच्या असत. शाळेत आम्ही दोघीच. एक मोठ्या बाई, म्हणजे हेडमास्तरीण, आणि दुसरी मी. मोठ्या बाई वयस्क, मनाने मऊ आणि वरिष्ठांना भिणाऱ्या. मी तरुण, तापट आणि कोणालाच न भिणारी. त्यामुळे आमचे बरे जमले.

त्या वेळचे शिकवणे आजच्या वाचकांना सांगितले पाहिजे. सगळे कानाने चालायचे. एक पोरगी पुढे उभी राहून म्हणणार, बाकीच्या मागून ओरडणार. बाराखडी तशीच, कविता तशाच, पाढे, पावकी, निमकी सगळे तसेच. पहिली ओरडत असली की दुसरीने पाटीवर लिहायचे, मग उलट. आवाज रस्त्यापर्यंत गेला म्हणजे शाळा चालू आहे असे गाव समजायचे. जरा शांत झाले की समोरचा शिंपी मशीन थांबवून विचारायचा, "काहून बाई, आज लवकर सुटली का शाळा?"

अशा शाळेत एके सकाळी संपत आला. जिनात कापसाच्या गाठी उचलणारा, अंगाने दणकट माणूस. नुकतीच त्याच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. देव्हाऱ्यातले देव त्याने अडाण नदीत सोडले होते, आणि देव गेले त्या जागी काय आणायचे हे त्याच्या मनात अगदी पक्के होते. शाळा. त्याने सात-आठ वर्षांच्या पोरीचा हात धरला होता. तेल लावून चापून बसवलेले केस, टपोरे डोळे. ती डोळे माझ्यावर नाही, माझ्या तोंडावर रोखून उभी होती.

"नाव काय गं तुझं?" मोठ्या बाईंनी विचारले.

पोरगी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

"शेवंता," संपत म्हणाला. "थे बोलत नाही, बाई. मुकी हाय."

"अरे, मग शाळेत काय करणार ती?"

"बोलाले नाही आनली. शिकाले आनली."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. मला हसू आवरेना. संपत मात्र हसत नव्हता. तो म्हणाला, "दीक्षेच्या टायमाले आमाले सांगतलं हाय, पोराले शिकवा, पोरीले शिकवा. त्यात मुकीले वगळा असं कोनी सांगतलं नाही. म्या ध्यान देऊन आयकलं होतं."

मोठ्या बाईंनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे मधला मार्ग काढला. पोरगी बसू दे, पण दाखलखारीजमध्ये नाव चढवायचे नाही. दाखलखारीज म्हणजे शाळेत कोण आले, कोण गेले याचे रजिस्टर. त्यात ज्याचे नाव नाही ते पोर सरकारच्या लेखी जन्मलेलेच नसते. तर अशी शेवंता शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसू लागली. शेवटची रांग का, हे कोणी सांगितले नव्हते. संपतच्या वस्तीतल्या पोरी कुठे बसणार हे गावाने आधीच ठरवून ठेवले होते आणि पोरी ते बिनचूक पाळत. मी महिन्याभरात रांगा मोडून उंचीप्रमाणे बसवल्या तेव्हा चार घरांतून भांडायला माणसे आली. तो वेगळा किस्सा. शेवंता उंच असल्यामुळे तरीही मागेच राहिली!

ती मुकी आहे, तिची जीभच बांधलेली आहे, असे गावाचे म्हणणे होते. खरे कसे आहे ते मलाही आधी कळले नाही, नॉर्मलमध्ये कोणी शिकवले नव्हते. एकदा पाण्याच्या माठावरची पितळी परात तिच्या पाठीमागे धाडकन पडली. सगळ्या पोरी किंचाळल्या, मोठ्या बाईंनी छातीवर हात ठेवला, आणि शेवंता शांतपणे पाटीवर रेघोट्या ओढत बसली होती. तेव्हा लक्षात आले की पोरीची जीभ ठणठणीत आहे, बंद आहेत ते कान.

हे तिच्या आईला कसे सांगावे या विचारात मी होते, तर गंगूबाईच मला मधल्या सुट्टीत कुंपणापाशी सापडली. पदराखाली पेरू लपवून लेकीला चारत होती. पेरू एका बाजूने कुरतडलेला.

"राघूनं टोचलेला हाय, बाई," ती दबक्या आवाजात म्हणाली. "उष्टा खाल्ला का जबान सुटते म्हन्ते. तिच्या बापाले नोका सांगू. त्याले असलं आता चालत नाही."

मी तिला समजावून सांगितले की हिची जबान बांधलेली नाही, हिला ऐकूच येत नाही. जे कधी ऐकलेच नाही ते ही बोलणार कुठून? गंगूबाईने सगळे ऐकून घेतले, लेकीकडे पाहिले, मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मंग आता पेरू काय कानात घालू?" आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. या बाईबद्दल मला पहिल्या दिवसापासून जी माया वाटली ती तिच्या या हसण्यामुळे.

मायलेकींची आपली एक हातांची भाषा होती. पोटावर मूठ म्हणजे भूक, गालावर तळवा म्हणजे झोप, मिशीला पीळ म्हणजे बाप. मला काय नाव होते माहीत आहे? कान पिळण्याची खूण. मी पोरींचे कान पिळते हे शेवंताने पहिल्या आठवड्यातच टिपले होते. सगळी वस्ती मला त्या खुणेने ओळखायची म्हणे.

मग मी तिला माझ्या पद्धतीने शिकवू लागले. पद्धत कसली, अंदाजपंचे दाहोदरसे. दारावर खडूने 'दार' लिहायचे, माठावर 'माठ', पाटीवर 'पाटी'. शेवंताला हा खेळ एवढा आवडला की तिच्या मुठीत कायम खडूचा तुकडा असायचा. दिसेल त्या वस्तूपाशी जाऊन माझ्याकडे बघायचे, भुवया उंच करायच्या, म्हणजे याचे नाव काय? मी लिहिले की ती खाली गिरवणार. शाळेचे खांब, खिडक्या, उंबरठा सगळे तिने लिहून काढले. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो बाई, उद्या ही माझ्या कपाळावर लिहील." एरवी सामुदायिक पाढे चालत तेव्हा शेवंताही सगळ्यांबरोबर उभी राहून तोंड हलवायची. कोणाचे तिकडे लक्ष नव्हते. माझेही नव्हते.

आणि डेप्युटी साहेब आले.

शाळा तपासणी म्हणजे काय प्रकरण असे ते आज कळायचे नाही. आठवडाभर आधी सारवण, चुना, आंब्याची तोरणे. आणि सगळीकडे एक रीत होती, कोणी लिहून ठेवलेली नाही पण प्रत्येक शाळा पाळायची. तपासणीच्या दिवशी कच्च्या पोरांना घरी ठेवायचे. निरोपच जायचा, उद्या याला पाठवू नका. मोठ्या बाईंनी तसा निरोप संपतकडे धाडला. संपतने तो ऐकला आणि त्याचा त्याच्या परीने अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी तो लेकीला न्हाऊमाखू घालून, नव्या झग्यात, सगळ्यांच्या आधी घेऊन हजर. "सायेब येऊन राह्यले आन माही पोरगी घरी? आपली शाळा त्यायनं पाहावं, मंग माही पोरगी बी पाहावं." मोठ्या बाईंचा चेहरा पडला. पण गेटात साहेबांची सायकल आली होती.

डेप्युटी साहेब किडकिडीत, कडक इस्त्रीचे, डोक्यावर हॅट. माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेरचे काही दिसले की त्यांच्या पोटात दुखायचे. मी तेराचा पाढा म्हणायला लावला. पोरींनी छप्पर उडेल असा आवाज लावला. साहेब मान डोलावत होते. मग त्यांनी छडी उंच करून शेवटच्या रांगेकडे रोखली. "ती उंच मुलगी. काय सुरेख म्हणते! तोंड कसं स्वच्छ उघडते बघा. नाहीतर बाकीच्या नुसत्या पुटपुटतात. तू ये पुढे. एकटी म्हण."

छडी आपल्याकडे आहे एवढे शेवंताला कळले. ती पुढे आली, हात जोडून साहेबांना नमस्कार केला, टाचा जुळवल्या आणि सुरू केले. अंगाला तोच झोका, 'तेर दुणे'ला तीच मानेची उसळी, दर ओळीला तेच ओठ. आवाज मात्र अजिबात नाही. वर्गात चिडीचूप. साहेबांनी आधी करंगळी कानात घालून हलवली. त्यांना वाटले आपलेच कान बसले. शेवंता थांबली नाही. तिने तेराचा पाढा शेवटपर्यंत नेला, शेवटच्या ओळीला बाकी पोरी हनुवटी उचलतात तशी उचलली आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिले.

एकही पोरगी हसली नाही. या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे. मला मात्र एकदम हसू आणि रडू दोन्ही आले, आणि पदराने तोंड पुसायची सोय नव्हती कारण साहेब माझ्याकडेच बघत होते.

"हा काय प्रकार आहे?"

मी सांगितले. पोरगी बहिरी आहे, पण हुशार आहे, शब्द लिहिते. साहेबांचे कान लाल झाले. आपली फजिती ठरवून केली असे त्यांनी घेतले. "ही शाळा आहे की खेळ? उद्यापासून हिला बसवायचं नाही. अशा मुलांना सक्तीच्या शिक्षणातून सूट आहे, ठाऊक नाही का तुम्हाला?"

"सूट आहे, साहेब," मी म्हणाले. "मनाई नाही."

मोठ्या बाईंनी मागून माझा पदर ओढला. साहेबांनी शेरेबुकात काय ते लिहिले, चहा न घेता सायकल काढली आणि गेले. शेवंता दारात उभी राहून त्यांना टाटा करत होती.

मोठ्या बाईंनी हुकूम पाळायचे ठरवले. फक्त शेवंताला वर्गाऐवजी ओट्यावर बसवले. ओटा म्हणजे वर्ग नव्हे, असे त्यांचे म्हणणे. भित्रा माणूससुद्धा मनात आणले तर किती जागा काढू शकतो, ते मी त्यांच्याकडून शिकले. पण ओट्यावर जन्म जाणार नव्हता. मी चौकशी सुरू केली. बहिऱ्या मुलांची वसतिगृहासह एक शाळा एका मोठ्या शहरात असल्याचे कळले. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ती रीत तेव्हा अशा सगळ्याच शाळांत होती, एकीवरच बोट कशाला? त्या शाळेत पोर मोठे झाले की घेत नसत. शेवंता मोठी होत चालली होती. आणि प्रवेशासाठी शिक्षण खात्याची शिफारस हवी होती की मूल शिकण्याजोगे आहे. शिफारस करणार कोण? तेच आपले हॅटवाले साहेब.

संपत लगेच तयार झाला. गंगूबाई नाही.

"तिथं तिले कोन समजन, बाई? भूक लागली तर कोनाले सांगन?"

"शिकेल ती सांगायला."

"बोलन का पन? वापस येईन तं बोलन का?"

खोटे बोलणे सोपे होते. मी म्हटले, "दोन-चार शब्द बोलेल. कदाचित तेही नाही. पण लिहील आणि वाचेल."

गंगूबाई चुलीपुढे बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली. "म्हन्जे तिच्या बापाले लेहून दाखवन. त्याले येते वाचता. मले काय उपेग? आता तरी हातानं सांगते मले सगळं. थे बी जाईन." लेक शिकली तर आपल्याला दुरावेल, एवढी साधी भीती होती तिची आणि ती खरी होती. शेवटी संपतने तिला काय समजावले देव जाणे. दुसऱ्या दिवशी तिने भाकरी बांधून दिल्या, स्वतः मात्र आली नाही.

आम्ही तिघे यवतमाळला साहेबांच्या कचेरीत गेलो. साहेबांनी आम्हाला ओळखले आणि हॅट नसतानाही हॅट घातल्यासारखा चेहरा केला. मी म्हणाले, "साहेब, तुम्हीच परीक्षा घ्या." त्यांनी पाटीवर मोत्यासारख्या अक्षरात लिहिले, 'तुझे नाव काय?' शेवंताने पाटी घेतली, मान तिरकी करून बघितले आणि खाली तितक्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिले, 'तुझे नाव काय?'

"बघा," साहेब म्हणाले. "नुसती नक्कल."

माझा चेहरा उतरला. प्रश्न म्हणजे काय हे मी तिला शिकवलेच नव्हते, मला शिकवता आले नव्हते. मी बोलायला तोंड उघडले तर साहेबांनी हात केला. संपत टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा होता. आणि शेवंताने नव्या खोलीत तिला नेहमी करायचे तेच सुरू केले. मुठीतला खडू काढला आणि दारावर लिहिले, 'दार'. खिडकीवर 'खिडकी'. कपाटापाशी अडखळली, माझ्याकडे पाहिले, मग 'पेटी' लिहिले. कारकुनाच्या टेबलावर 'टेबल', दौतीवर लिहायला जागा नाही म्हणून दौतीशेजारी 'शाई'. कारकून ओरडला, "अरे, अरे!" शेवंता साहेबांच्या खुर्चीमागे गेली, पाठीवर 'खुर्ची' लिहिले, पुढे आली आणि साहेबांसमोर खडू घेऊन उभी राहिली. त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळले, माझ्याकडे वळली आणि भुवया उंच केल्या. याचे नाव काय?

कारकुनाला हसू फुटले. साहेबांनी हात पुढे करून तिच्याकडून खडू मागून घेतला. त्यांनी 'माणूस' लिहिले असते तर मला फार बरे वाटले असते, पण त्यांनी पाटीवर 'साहेब' लिहिले. शेवंताने ते खाली गिरवले, पाटी त्यांच्या छातीशी धरून बरोबर बसते का ते पाहिले आणि खुशीत मान हलवली.

"हा प्रश्नच आहे, नाही का?" साहेब स्वतःशीच म्हणाले. "प्रश्न विचारते ती." मग त्यांनी शिफारस लिहिली. आम्ही निघताना मला थांबवून म्हणाले, "बाई, एक सांगू? पाढा खरंच फार सुरेख म्हणाली होती हो."

हे असे सगळ्यांचे झाले नाही. पुढे माझी पुसद तालुक्यात बदली झाली, तिथे एका तांड्यावर एक आंधळी पोर होती. स्मरणशक्ती अशी की एकदा ऐकलेली कविता दुसऱ्यांदा सांगावी लागत नसे. तिच्यासाठी मी तेवढेच कागद रंगवले, पण तिच्या बापाला संपतसारखे घाई करून येणे जमले नाही आणि मलाही त्याच्या मागे हवे तितके लागता आले नाही. शाळेच्या कौतुकाचे लेख वाचताना ती पोर आठवते.

शेवंताला पोचवायला मी आणि संपत गेलो. ती रडली नाही, संपत रडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती परत आली तेव्हा मोटारीतून उतरताच आईकडे धावली आणि म्हणाली, "आ-ई." घोगरा, ओबडधोबड, खोल विहिरीतून यावा तसा आवाज. पण शब्द तोच. गंगूबाई रस्त्यातच खाली बसली. मग अख्खे गाव लोटले. जो तो शेवंताला म्हणायला लावी, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. दोन दिवसांनी गंगूबाईने केरसुणी घेऊन सगळ्यांना हाकलले. "पोट्टी हाय का राघू हाय?"

पण आठवडा झाला नाही तोच ती शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. चेहरा काळवंडलेला.

"बाई, पोट्टी हात चोरून राह्यली."

"म्हणजे?"

"हातानं बोलाले जाते आन मंदातच थांबते. हात मांगं नेते. भूक लागली का ओठ हालवते नुसते, मले समजत नाही. रागावते मंग. पह्यले सारं सांगे मले." "मले अक्षर शिकवा. थे लेह्यते तं मी वाचीन."

आणि शेवंता पुन्हा शाळेत गेल्यावर, भर पावसाळ्यात, निंदणाहून आल्यावर चिखलाच्या पायांनी गंगूबाई ओट्यावर बसू लागली. मी बरेच प्रौढ वर्ग चालवले, पण अशी हट्टी विद्यार्थिनी पाहिली नाही. मी 'कमळ' काढले, 'बदक' काढले. तिने पाटी सारली. "बदकाचं मले काय काम? मले भूक लेहून द्या. ताप लेहून द्या. झोप येते का, थे लेहून द्या." तिला फक्त तेच शब्द हवे होते जे आईला लेकीला विचारायचे असतात. मी तिच्याचसाठी वेगळी बाराखडी केली म्हणा. घरी गेली की संपत चिडवायचा, "मास्तरीनबाई, आज काय शिकल्या?" ती त्याला सुपातले दाणे फेकून मारायची. एकदा तिने स्वतःहून शब्द मागितला. "बाई, 'मार' कसा लेह्यतात?" मी लिहून दिला. कशाला हवा, ते मी विचारले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शेवंता आली. मी त्यांच्याकडे गेले होते. सारवलेल्या जमिनीवर गंगूबाई उकिडवी बसली, तिने कोळशाचा तुकडा घेतला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत, जीभ दातांत धरून लिहिले, 'मार देतात का?' शेवंता आधी आईकडे बघतच राहिली. आई लिहिते आहे, हे तिच्या डोक्यातच शिरेना. मग तिने कोळसा घेतला. खाली लिहिले, 'हात.' आणि उलटी मूठ पुढे करून बोटांच्या पेरांवर दुसऱ्या हाताने पट्टी मारून दाखवली.

हातांनी बोलले की पेरांवर पट्टी. म्हणून पोरगी हात चोरत होती.

मी म्हणाले, "मी जाते, तिथल्या हेडमास्तरांशी बोलते." गंगूबाईने कोळसा चुलीत टाकला. "तुमी या संगं. बोलाचं मी पाह्यतो."

सुट्टी संपल्यावर शेवंताला घेऊन आम्ही गेलो. हेडमास्तर साधे, शांत गृहस्थ होते. आयुष्य त्यांनी याच मुलांत घातले होते आणि भिंतीवर मुलांनी केलेली चित्रे हौसेने लावली होती. त्यांनी आम्हाला समजावले की ही शास्त्रीय पद्धत आहे. हात मोकळे सोडले तर ओठ आळशी होतात. जगात हातांची भाषा कोणाला येते? मुलांना जगात राहायचे आहे. हे सगळे ते खरोखर कळवळ्याने सांगत होते, आणि त्या वेळच्या विद्वानांचेही तेच मत होते. माझ्या रागाची पंचाईत झाली.

गंगूबाईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मास्तर, तुमी तिले 'आई' म्हनाले शिकवलं. तुमचे पाय धुवून पानी पिईन मी. पन थे आई म्हन्ते आन पुढं काहीच सांगत नाही. अशा आईचं मी काय करू? तिचे हात घेतले तुमी, त्या हातात माह्या घरची सारी गोठ होती. वर्गात ओठ शिकवा. मार द्याचा तं अभ्यासासाठी द्या, आमी बी मार खाल्ला. पन हात नोका घेऊ."

हेडमास्तर टेबलावरची पट्टी इकडची तिकडे करत राहिले. "विचार करतो," ते म्हणाले. एवढेच.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो, हेडमास्तर आम्हाला पोचवायला आले. अंगणात पोरी संध्याकाळच्या कवायतीसाठी रांगेत उभ्या होत्या, सगळ्यांचे हात पाठीमागे घेतलेले. शेवंताही जाऊन रांगेत उभी राहिली. तिने हात मागे नेले. त्या शाळेत घंटेचा उपयोग नव्हता, म्हणून कवायत सुरू करायची वेळ झाली की शिपाई लाल फडके हलवायचा. तो फडके घेऊन कोपऱ्यात उभा होता.

गंगूबाई अंगणात उतरली. लेकीसमोर उभी राहिली आणि तिने हातांनी विचारले. मला त्यांच्या खुणा आता थोड्या कळत. जेवण कसे असते? थंडी वाजते का? ही तुझ्या शेजारची कोण? शेवंताने व्हरांड्याकडे, हेडमास्तरांकडे पाहिले. मग तिचा एक हात पुढे आला. मग दुसरा. आणि बांध फुटावा तशी ती सांगत सुटली. शेजारच्या पोरीला बोटाने दाखवून गालावर खळी पाडली, म्हणजे ते तिचे नाव असावे. ती शेजारची हसली आणि तिनेही हात पुढे काढून गंगूबाईला काहीतरी सांगितले. मग तिच्या पुढची. मग दुसऱ्या रांगेतल्या. पोरींनी गंगूबाईभोवती कडे केले. प्रत्येकीला आपले काही सांगायचे होते, घरचे, आईचे, कोणास ठाऊक कशाचे, आणि गंगूबाई प्रत्येकीकडे बघून कळल्यासारखी मान हलवत होती.

मी हळूच हेडमास्तरांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही समजेना. कवायतीची वेळ होऊन गेली होती. शिपायाने फडके वर धरले. हेडमास्तरांनी अंगणावरची नजर न काढता त्याच्या दिशेने नुसता हात उचलला, तळवा पुढे करून, आणि शिपाई फडके खाली घेऊन थांबला.